मधल्या सुट्टीचा मालक

माझ्या नवऱ्याने स्वतःच्या सख्ख्या बहिणीला वकिलाची नोटीस पाठवली. बहीण राहते जिन्यापलीकडच्या दारात. कुरिअरवाला आला तेव्हा तिचं दार बंद होतं, म्हणून त्याने आमची बेल वाजवली, आणि आमच्या ह्यांनी शेजारधर्म म्हणून सही करून ते पाकीट ठेवून घेतलं. संध्याकाळी ताई शाळेतून आल्या तेव्हा स्वतः नेऊन दिलं. "ताई, तुझं टपाल आलंय गं." मी दारात उभी राहून हे पाहिलं आहे म्हणून सांगते, नाहीतर मलाही खरं वाटलं नसतं.

नोटिशीत लिहिलं होतं की ताईंचं 'मधली सुट्टी' नावाचं सॉफ्टवेअर ही आमच्या कंपनीच्या 'समयसम्राट'ची नक्कल आहे, सबब ते त्यांनी ताबडतोब इंटरनेटवरून काढून टाकावं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. फरक इतकाच की ही बोंब लेटरहेडवर होती. त्या दिवसापासून मी नवऱ्याला मनातल्या मनात 'सम्राट' म्हणायला लागले, आणि इथेही तेच म्हणणार आहे.

मधली सुट्टी जन्माला कशी आली ते सांगायला हवं. ताई गणित शिकवतात. शाळेत ज्याला गणित येतं त्याच्या गळ्यात वेळापत्रक पडतं. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी ताई जेवणाच्या टेबलावर मोठ्ठा कागद पसरायच्या, पेन्सिलीने चौकोन आखायच्या आणि खोडरबर झिजेपर्यंत माणसं इकडून तिकडे हलवायच्या. प्रयोगशाळा एकच, मैदान एकच. चित्रकलेच्या सरांना शेवटचा तास चालत नाही, कारण त्यांची गाडी चुकते. भाषेच्या बाईंना पहिला तास चालत नाही, आणि का ते विचारायचं नसतं, कारण त्या मुख्याध्यापकांच्या मेहुणी. सगळं जुळून आलं की कोणीतरी हमखास बाळंतपणाच्या रजेवर जायचं. एका वर्षी ताईंनी तो कागद टराटरा फाडला आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या. प्रोग्रॅम लिहायला त्या पुस्तकांतून आणि चुकांतून शिकल्या. वैतागातून इतकं चांगलं काही निघालेलं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

ते त्यांनी विकलं नाही. कोडसकट इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिलं आणि सोबत एक परवाना जोडला. असे ओपन सोर्सचे परवाने तयार मिळतात, त्यातलाच एक. साध्या भाषेत सांगायचं तर वापरा, बदला, वाटा, हवं तर पैसे घेऊन विकासुद्धा. मात्र ज्यांनी हे लिहिलं त्यांची नावं पुसू नका, आणि पुढे कुणाला द्याल तेव्हा तुमच्या बदलांसकट कोड उघडा ठेवून ह्याच अटींवर द्या. अटी मोडल्यात तर तुमच्यापुरता परवाना संपला. झालं, एवढंच.

आणि लोकांनी ते खरोखर घेतलं. दोन पाळ्यांत भरणाऱ्या कुठल्याशा शाळेतल्या एका बाईंनी दुपारच्या पाळीचा घोळ निस्तरून पाठवला. तीन शाळांत थोडं थोडं शिकवून पोट भरणाऱ्या एका संगीताच्या मास्तरांनी आपल्यासारख्या अर्धवेळ माणसांची सोय करून दिली. ताईंनी ह्यांपैकी कुणाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, पण दुरुस्ती आली की आमच्या स्वयंपाकघरात येऊन सांगायच्या, "दोन पाळ्यांच्या बाईंनी काय सुंदर काम केलंय म्हणून सांगू!" मग त्यांचं नाव यादीत चढवायच्या. ताई कौतुकाच्या बाबतीत हात आखडूनच असतात, सम्राटांना तर त्यांनी लहानपणापासून 'ठीक'च्या वर शेरा दिलेला नाही. पण ही नावं चढवताना त्यांचा चेहरा खुललेला असायचा.

आता सम्राटांची कंपनी. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. खालून रबराचा वास येतो आणि वर सम्राटांची भाषणं चालतात. मी तिथे माहितीपुस्तिका लिहिते. शिवाय 'मी सहमत आहे' ह्या बटणाच्या वर जो पानंच्या पानं मजकूर असतो आणि जो जगात कोणीही वाचत नाही, तोही मीच लिहिते. एके दिवशी सम्राट म्हणाले, आपलं नवं उत्पादन तयार आहे, शाळांची वेळापत्रकं आपोआप लावून देतं, तू पुस्तिका लिहायला घे. मी चाटच पडले. कंपनीतल्या मुलांना स्वतःच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक जमत नव्हतं, त्यांनी हे कधी केलं?

पुस्तिका लिहायची म्हणजे प्रत्येक बटण दाबून बघावं लागतं, मुद्दाम चुका करून बघाव्या लागतात. मी एकाच वर्गात एकाच तासाला दोन शिक्षिका घातल्या. पडद्यावर उत्तर आलं, "अहो बाई, एका खुर्चीवर दोघी कशा बसणार?"

हे वाक्य कॉम्प्युटरचं नव्हतं. ही ताईंची भाषा होती, अगदी कपाळावरच्या आठीसकट.

मी सम्राटांच्या खोलीत गेले. "अहो, हे तर ताईंचं आहे."

"मग काय झालं? घरचंच आहे."

"विचारलंत त्यांना?"

"घरच्या वस्तूला विचारतात का? तू फ्रिज उघडताना मला विचारतेस?"

"आणि त्या सगळ्यांची नावं कुठे गेली?"

"ग्राहकाला कशाला हवी ती पाहुण्यांची यादी? आणि जे फुकट ठेवलंय त्याला मालक कसला आलाय!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वाक्य बदलून घेतलं. आता दोन बाई एका वर्गात घातल्या की 'त्रुटी: संसाधन-संघर्ष' असं येतं. तीच चूक, तोच प्रोग्रॅम, फक्त त्यातलं माणूस काढून टाकलं. समयसम्राटच्या पहिल्या पानावर सम्राटांचा हाताची घडी घातलेला फोटो आला आणि खाली 'सर्व हक्क राखीव'. आयत्या बिळावर नागोबा असतो हे माहीत होतं, पण नागोबाने बिळावर स्वतःचा फोटो लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

खपलंही बऱ्यापैकी. मग कंपनीचा विक्रेता कुरकुरत आला की काही शाळा म्हणतात, असंच एक 'मधली सुट्टी' म्हणून फुकट मिळतं, मग तुमचं का घ्यायचं? झालं. सम्राटांनी वकिलाला बोलावलं आणि वकिलाने नोटीस ठोकली. आपण ज्याची नक्कल केली त्यालाच नक्कल ठरवायचं, म्हणजे प्रश्न मुळातूनच मिटला.

नोटीस वाचून ताई आमच्याकडे आल्या. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"हे तू पाठवलंस?"

"वकिलाने पाठवलंय," सम्राट म्हणाले. "ताई, धंद्यात असं असतं. तू मनावर नको घेऊस."

"तुला ते हवं होतं तर अख्खं दिलं होतं की रे! विकायचीसुद्धा मोकळीक होती. नावं तेवढी ठेवायची होती आणि कोड उघडा ठेवायचा होता. एवढंही जमलं नाही? मी विकलं नाही म्हणून तुला ते बेवारस वाटलं?"

"अगं, पण तुझं नुकसान काय झालंय? तुला कुठे पैसे मिळत होते?"

"उद्या मला ते काढावं लागलं तर ज्या शाळा त्याच्यावर चालतात त्यांनी काय करायचं? आणि मी? माझ्याच शाळेचं वेळापत्रक मी माझ्याच प्रोग्रॅमने लावायचं, आणि तो तुझ्याकडून विकत घ्यायचा?"

सम्राटांनी जरा विचार केला. मग अगदी मोठ्या मनाने म्हणाले, "तुला सवलत देईन ना."

ताईंनी नोटीस परत पाकिटात घातली. मला मात्र त्या क्षणी नवऱ्याची इतकी लाज वाटली की मी गॅसवर काही नसताना गॅसपाशी जाऊन उभी राहिले. ताई तशाच परत गेल्या आणि आठवड्याभरात त्यांनी कोर्टात दावा लावला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं सम्राट दिवसभर म्हणत होते. त्यातला दांडा आपणच आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सुनावणीच्या आधी वकीलसाहेब तालमीला आमच्याकडे आले. त्यांना मी कलमबहाद्दर म्हणते. त्यांना साधं "पाणी द्या" म्हणता येत नाही, "प्रस्तुत प्रसंगी पाणी मिळाल्यास बरे" म्हणतात. जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत त्यांनी मुद्दा मांडला. नक्कल केली नाही असं म्हणायचंच नाही. कोड ओळीला ओळ जुळतो, तिथे उगाच तोंडघशी पडायचं नाही. हल्ला करायचा तो परवान्यावर.

"कुणाची सही आहे का त्यावर? नाही! मोबदला दिला का? नाही! सही नाही, मोबदला नाही, म्हणजे करार नाही. इंटरनेटवर चिकटवलेली एक सदिच्छा आहे ती. शुभेच्छापत्राच्या अटी कोणी पाळतं का?"

सम्राटांनी टाळी दिली. मी चहाचा कप पुढे ठेवत विचारलं, "वकीलसाहेब, मी समयसम्राटसाठी एवढी पानं अटी लिहिल्यात, त्यांच्यावर कुठली शाळा सही करते? नुसतं बटण दाबतात. मग त्यापण शुभेच्छाच का?"

कलमबहाद्दर एक घोट प्यायले. "वहिनी, चहा फक्कड झालाय."

कोर्टाची खोली लांबट होती. माईक होता, पण तो बोलणाऱ्याचं सोडून बाकड्यांची करकर तेवढी मोठी करायचा. न्यायाधीशबाई चष्मा कपाळावर ठेवून वाचत होत्या, म्हणजे काय वाचत होत्या कोण जाणे. ताई आपल्या वकीलबाईंशेजारी, शाळेत पर्यवेक्षणाला बसतात तशा ताठ बसल्या होत्या. मी कुठे बसावं हा प्रश्नच होता. शेवटी मधल्या बाकावर बसले. सम्राटांनी एकदा मागे वळून बघितलं, पण मी छताकडे बघत होते.

कोण आधी आणि कोण नंतर, हे पाच मिनिटांत उरकलं. मधली सुट्टी कधीपासून इंटरनेटवर आहे ते सगळ्या जगाला दिसत होतं, त्यामुळे नोटीस तिथेच आडवी झाली. मग कलमबहाद्दर खाकरून उभे राहिले.

"बाईसाहेब, ह्या तथाकथित परवान्यावर माझ्या अशिलाची सही नाही."

"मग?" न्यायाधीशबाई म्हणाल्या. पुढे कळलं की त्या बहुतेक वेळा एवढंच म्हणतात.

"सही नाही आणि मोबदलाही नाही. मोबदल्यावाचून करार होत नाही."

"मग?"

"करार नाही म्हणजे हा परवाना पोकळ आहे. त्यातल्या अटी माझ्या अशिलाला बांधत नाहीत."

"समयसम्राट घेताना शाळा सही करतात?"

"नाही... त्या 'मी सहमत आहे' हे बटण दाबतात. पण ते वेगळं, बाईसाहेब. तिथे सविस्तर अटी आहेत."

"वाचल्या मी," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "सातव्या कलमात तुम्ही म्हणता, सॉफ्टवेअर वापरायला घेतलं की अटी मान्य केल्या असं समजलं जाईल."

माझं लिखाण जन्मात पहिल्यांदा कोणीतरी वाचलं होतं. खोटं कशाला बोलू, नवऱ्याच्या विरुद्ध वाचलं तरी मला बरं वाटलं.

"तो प्रश्न वेगळा," कलमबहाद्दर घाईने म्हणाले. "आमचा मुद्दा एकच. हा परवाना कायद्याने अस्तित्वातच नाही."

"नाहीच?"

"मुळीच नाही!" उचलली जीभ लावली टाळ्याला. सम्राट मागे टेकून बसले. त्यांना वाटलं, जिंकलो.

"बरं. धरून चालू की नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, आणि मला उगाचच भीती वाटली. "मग दुसऱ्याने लिहिलेलं नकलून विकायची परवानगी तुमच्या अशिलाला कुणी दिली?"

कलमबहाद्दर समोरचे कागद उलटेपालटे करायला लागले.

"बघा," त्या पुढे म्हणाल्या, आणि एवढं बोलताना आम्ही त्यांना प्रथमच ऐकत होतो. "कॉपीराइट लिहिणाऱ्याचा होतो तो लिहिल्याक्षणी. त्याला ना सही लागत ना किंमत. म्हणजे दार आधीपासून बंदच आहे. परवाना ही किल्ली. किल्ली खोटी म्हणता, मग आत कसे शिरलात?"

"परंतु... ते सर्वांसाठी खुलं ठेवलं होतं. म्हणजे हक्क सोडल्यासारखंच झालं."

"हक्क सोडणारा माणूस अटी घालत बसत नाही. आणि ह्यांनी अटी घातल्या आहेत. पैसे मागितले नाहीत, नावं मागितली आणि उघडेपणा मागितला. फुकट दिलं म्हणजे बिनशर्त दिलं, हे कुठल्या कलमात आहे?"

त्यावर सम्राट स्वतःच उठले. वकिलाने कोट ओढला तरी उठले. "बाईसाहेब, ती माझी सख्खी बहीण आहे! घरचंच आहे हो ते!"

"आणि नोटीस पाठवलीत तेव्हा कोण होती?"

बाकं करकरली, आणि माईकने ती करकर सगळ्यांना ऐकवली.

"कॉपीराइटच्या कायद्यात 'घरचं' हा शब्द मला आजवर सापडलेला नाही. वकीलसाहेब, तुम्हाला सापडलाय?"

प्रस्तुत प्रसंगी कलमबहाद्दर खाली बसले. ताईंच्या वकीलबाईंनी बोलण्यासाठी केलेली टिपणं घडी घालून पर्समध्ये ठेवली, त्यांना तोंड उघडायची गरजच पडली नाही.

हुकूम झाला. परवाना खरा, अटी खऱ्या, आणि त्या मोडल्यामुळे कंपनीची परवानगी संपली. समयसम्राटची विक्री त्याच दिवसापासून बंद. ज्या शाळांनी ते घेतलं होतं त्यांना धक्का नाही, कारण त्यांनी कुठलीच अट मोडली नव्हती. म्हणजे हिशोब असा झाला की मधली सुट्टी वापरायला, बदलायला आणि विकायला जगातल्या कुठल्याही माणसाला मुभा होती. ओळखदेख नसलेल्याला होती, उद्या जन्माला येणाऱ्यालाही होती. नव्हती ती फक्त ताईंच्या सख्ख्या भावाला.

पुढचे काही दिवस सम्राट टायरच्या दुकानावर नुसतेच बसून होते. कलमबहाद्दर वरच्या कोर्टात जाऊ म्हणत होते, पण ह्या वेळी स्वतःची फी आधी मागत होते. त्यांना बहुधा मोबदल्याचं महत्त्व पटलं असावं. मग एका रविवारी दुपारी सम्राटांनी ताईंचं दार वाजवलं. मी मागे होतेच. असा देखावा चुकवण्याइतका संयम माझ्याकडे नाही.

"ताई, झालं गेलं विसर. नावं घालतो, कोड उघडा करतो. मला परत परवानगी दे."

ताईंनी त्यांना आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली. "माझ्यापुरती दिली," त्या लगेच म्हणाल्या. मला वाटलं होतं, आता चांगल्या फैलावर घेतील. पण त्यांचा आवाज थकलेला होता. "मला तुला अद्दल घडवायची नव्हती रे. मला माझं काम परत हवं होतं."

"मग झालं तर!" सम्राटांचा चेहरा उजळला.

"झालं कुठे? त्यात माझं एकटीचं कुठे आहे? दोन पाळ्यांच्या बाई आहेत, संगीताचे मास्तर आहेत, आणखी कितीतरी आहेत. ज्यांच्या ओळी त्यांचा हक्क. त्यांनाही विचारावं लागेल तुला."

"पण मी त्यांना ओळखतसुद्धा नाही!"

"ओळखायची सोय होती," ताई म्हणाल्या. "तू पुसलीस."

सम्राटांनी मान खाली घातली. त्यांना ह्याआधी वाईट वाटलं नव्हतं असं नाही, पण ते धंद्यासाठी वाटलं होतं. आता कशासाठी वाटत होतं ते त्यांनाच नीट सांगता आलं नसतं. घरी येऊन त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि दोन पाळ्यांच्या बाईंना मेल लिहायला घेतला. मी मदत केली नाही. शब्द जुळवणं हे माझं कामच आहे, पण हे त्यांचे त्यांनी जुळवायला हवे होते.

स्वतःची ओळख द्यायची तिथेच गाडी अडली. कंपनीचा मालक म्हणून लिहिलं, खोडलं. समयसम्राटचा निर्माता लिहिलं, तेही खोडलं. मग बराच विचार करून लिहिलं, 'ज्यांचा हा प्रोग्रॅम आहे त्या ताईंचा मी सख्खा भाऊ.' त्या ओळीकडे बघत बसले. शेवटी माझ्याकडे वळून, थट्टेचा मागमूसही नसलेल्या आवाजात म्हणाले, "अगं, हे लिहायला ताईला विचारावं लागेल का?"

"हो," मी म्हटलं. "विचारा."